गुडघाभर पाणी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आपा, तुमच्या धंद्यातल्या आठवणी लिहून द्या, दिवाळी अंकासाठी," ते म्हणाले. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "आणि सोबत दोन-चार जुने फोटो पाठवा." मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, फोटो हरवले असतील. हरवलेले नाहीत, माझ्याकडे कधी नव्हतेच. आयुष्यभर फोटो काढले आणि पाहुण्यांना दाखवायला घरात एक अल्बम नाही, असा आमचा धंदा. तो कसा ते आधी सांगते, म्हणजे नाल्याची गोष्ट नीट कळेल.

खामगावात माझ्या अब्बांचा स्टुडिओ होता. एक खोली, दोन लायटी आणि मागे एक पडदा. पडद्यावर धबधबा रंगवलेला, त्याखाली दोन हंस. त्यातला एक हंस थोडा बदकासारखा दिसायचा, म्हणून अब्बा जाड माणसाला नेहमी त्या बाजूला उभं करत. लग्नसराईत अब्बांना जेवायला फुरसत नसे. पण आमच्या मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला चालत नाही. नवरी सजलेली, तिच्या बहिणी, खाला, फुफ्या म्हणजे मावश्या-आत्या सगळ्या नटूनथटून बसलेल्या आणि फोटो मात्र एकही नाही. बायका अम्मीजवळ हळहळायच्या. शेवटी अब्बांनी मला शिकवलं. दोन्ही मुलगे अभ्यासात बरे निघाले म्हणून कॅमेरा मुलीच्या वाट्याला आला, असं ते लोकांना सांगत. माझा हात मुलांपेक्षा स्थिर आहे, हे फक्त अम्मीला सांगत.

त्यांनी मला दिलेला कॅमेरा दोन डोळ्यांचा होता, एकावर एक. तो तोंडापुढे धरायचा नसतो. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. बायकांच्या फोटोसाठी याच्यासारखी चीज नाही. समोर कोणी डोळा रोखून उभं नसतं. मी आपली खाली बघत असते. समोरच्या बाईला वाटतं, हिला बटण सापडत नसेल, आणि ती शेजारणीशी बोलायला लागते, हसायला लागते. तेवढ्यात माझं काम झालेलं असतं. या कॅमेऱ्याची खोड एकच. काचेत सगळं उलट दिसतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. सवय झाली की काही वाटत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

रंगीत फोटो आले तरी मी काळ्या-पांढऱ्याला सोडलं नाही. लोकांना वाटे, आपा जुन्या वळणाची आहे. कारण वेगळं होतं. रंगीत रोल लॅबमध्ये द्यावा लागतो. लॅबच्या काउंटरवर फोटोंचे गठ्ठे पडलेले असतात आणि ज्याचे नाहीत तोही उभ्या उभ्या चाळून जातो. काळा-पांढरा रोल मी घरीच धुवायची. आमची न्हाणी हीच डार्करूम. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला चादर, आतमध्ये लाल बल्ब. दार कोणी वाजवलं की मी आतून सांगायची, "उघडू नका, नवरी काळी पडेल."

धंद्याचा नियम एकच होता. जी फोटोत असेल, फोटो तिचाच. प्रिंट आणि निगेटिव्ह दोन्ही तिच्या हातात किंवा तिच्या आईच्या हातात. माझ्याकडे काही ठेवायचं नाही आणि तिसऱ्याला काही दाखवायचं नाही.

हा नियम मोडायला लोक काय काय करत. डोणगावला एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. चार दिवसांनी नवऱ्या मुलाचा मोठा भाऊ मोटारसायकलवर खामगावला हजर. म्हणे, "कोणता फोटो मोठा करायचा ते पाहायचं होतं." मी विचारलं, "तुम्ही त्यात आहात का?" गेला बिचारा. दुसऱ्या दिवशी खुद्द नवरदेव आला. चेहऱ्यावर एवढा आनंद की केस जिंकून आल्यासारखा. म्हणाला, "आपा, मी तर आहे ना एका फोटोत. अंगठी घालताना." होता खरा. नवरीच्या ओढणीपुढे त्याचा हात आला होता, मनगटापर्यंत. मी तेवढा हातच कापून दिला. तोही खिशात घालून खुशीत गेला. माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकांत त्याच्याइतका समाधानी माणूस दुसरा झाला नाही.

हळूहळू हिंदूंच्या घरूनही बोलावणी यायला लागली. हळद, डोहाळजेवण, बारसं. पुरुष नसला की बाया मोकळ्या होतात, हे काही एकाच धर्माचं नाही. पिंपळगाव राजाच्या शांताबाईशी माझी ओळख झाली ती तिच्या मुलीच्या हळदीत. शांताबाई म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. कोणाच्या शेतात कधी जायचं, दर काय, पाणी कोण आणणार, सगळं ती ठरवायची. आवाज असा की एका बांधावर बोलली तर दुसऱ्या बांधावरच्या बाईने उत्तर द्यावं.

ती बीटी कापसाची सुरुवातीची वर्षं. आधी गावोगाव भिंती बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगल्या. बोंडअळी गेली, फवारणी गेली, आता पैसाच पैसा, असं लोक बोलत. दोन हंगाम बरे गेलेही. मग पाऊस लांबला, कपाशीच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग पडला, भाव बसला आणि आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायला लागलं. त्याच्या मागोमाग कॅमेरे आले. मुंबईचे, दिल्लीचे, एकदोन तर गोऱ्यांचे. माझ्या कॅमेऱ्याच्या दसपट लांब नळ्या. गावात गाडी थांबली की पोरं सांगायची, फोटोवाले आले. त्यांना फोटो मात्र एकाच जातीचा हवा असे.

शांताबाई खामगावच्या बाजाराला आली की माझ्याकडे चहाला यायची. एकदा येऊन बसली ती तणतणतच.

"आपा, काल एकजण आला अन् आमच्या टोळीले वळीनं बसवलं. म्हणे, काही बोलू नका, दूर पाहा. आमची कमल हसली तं म्हणते, नाही नाही, हसू नका. काऊन व? आमाले काय हसता येत नाही?"

"मग हसायचं ना," मी म्हटलं.

"हसून राह्यलो होतो ना बाप्पा, तो गेल्यावर. तेव्हा कॅमेरा कुठी होता?" मग बशीतला चहा संपवून ती म्हणाली, "तू काढ आमचा एक. हसता. पण गावात नाही. गावात बाई हसली की लोक इचारते, काय गवसलं हिले."

हे खरं होतं. त्या वर्षांत हसणं चोरून करावं लागे. ज्या घरी पीक गेलं त्या घरची बाई दात काढते, असं कोणी म्हटलं की झालं. म्हणून शांताबाईने बेत केला तो घरापासून लांबचा. सोनाळ्याच्या वर सातपुडा सुरू होतो, तिथे अभयारण्य आहे. शांताबाईचं माहेर त्याच अंगाला. लहानपणी पाहिलेला तिथला नाला तिच्या डोक्यात बसला होता. दुसरी वेचणी झाली की मध्ये दोन-चार दिवस मोकळे असतात, त्यातल्या एका दिवशी जायचं. घरी सांगायचं, सोनाळ्याला बोंडअळीचं प्रशिक्षण आहे. तेव्हा प्रशिक्षणांचा सुकाळ होता. कोणी ना कोणी यायचं, सतरंजी टाकायचं, माहिती सांगायचं आणि केळं द्यायचं. सहलीला बाईला कोणी सोडत नसे, प्रशिक्षणाला मात्र घरचे स्वतः उठवून पाठवत.

ठरल्या दिवशी सकाळी एका जीपमध्ये आम्ही दहा-बारा जणी कोंबलो. माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी आणि पिशवीवर कमल. कमल टोळीत सगळ्यात लहान, अंगानेही आणि वयानेही. तिचा नवरा दोन हंगाम बुडाल्यावर सुरतेला कामाला गेला होता. घरी ती आणि सासू. सासूचं नाव वच्छलाबाई, पण टोळीत सगळ्या तिला नुसतं बुढी म्हणत आणि म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा. शेगाव मागे पडलं. मग कमल माझ्या कानाशी म्हणाली, "आपा, बुढीनं सांगितलं हाये, प्रशिक्षणाचा फोटो आण म्हणून. बॅनरसकट. तिले डाउट आला वाटते. समजलं ना तिले, तं माही टोळी बंद. मंग घर अन् गोठा, गोठा अन् घर."

हे ती हसत म्हणाली, पण बोलताना तिने माझ्या पिशवीचा पट्टा बोटाला गच्च गुंडाळला होता. नवरा तिकडे, माहेर लांब. दिवसभर बोलायला तिला तेवढ्याच बाया होत्या. मी म्हटलं, "फोटोचं माझ्यावर सोड." असं मी फार लवकर म्हणते, ही माझी जुनी सवय.

जंगलाच्या नाक्यावर आमच्यासोबत एक वाटाड्या दिला, फुलसिंगदादा. कोरकू माणूस, साठीचा, पायात टायरच्या चपला आणि चालणं असं की पान वाजत नाही. आमचं उलट. सागाची सुकलेली पानं पायाखाली पापडासारखी वाजत होती आणि त्यावर बारा तोंडं सुरू. कोणी वानर पाहून ओरडतंय, कोणी बांबूच्या बेटात आपल्या सासऱ्याचा चेहरा शोधतंय. फुलसिंगदादा एकदाच म्हणाले, "बाई, वाघ पाह्यचा असन तं गप चाला." शांताबाई म्हणाली, "दादा, आमाले वाघ नाही पाह्यचा. घरी हाये." जंगलात वाघ असलाच तरी आमच्या गलक्याने तो तोवर मध्यप्रदेशात निघून गेला असणार.

चढ संपला, वाट खाली उतरली आणि नाला आला. पौषातलं पाणी, स्वच्छ, थंडगार, दगडांवरून खळखळत जाणारं. आमच्या बाजूला सावली आणि पलीकडे उन्हात मोठी सपाट शिळा. जेवायला तिकडेच बसायचं हे कोणी न सांगता ठरलं. पण ओलांडायचं म्हणजे साड्या वर घ्यायच्या आणि फुलसिंगदादा तर उभे. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दादा समजले. ते आधी पलीकडे गेले, एका झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसले आणि डोंगराकडे तोंड करून आम्हाला वाट सांगू लागले.

"डाव्या अंगानं या. उजवीकडं डोह हाये."

बाया खोचाखोच करून पाण्यात शिरल्या. पाणी गार लागताच एकेकीच्या तोंडातून असे आवाज निघाले की मला वाटलं, जंगलखातं धावून येईल.

"ओ बाई, तुमच्यातली एक डोहाकडं चालली," दादा पाठमोरेच म्हणाले.

शांताबाई जागच्या जागी थांबली. "दादा, पाह्यता का काय तुमी?"

"नाही बाई. आवाजावरून समजते. खोल पाण्यात पाय हळू पडते ना."

डोहाकडे चाललेली खरंच एकजण होती. तिला ओढून घेतलं आणि मग जे हसू फुटलं ते थांबेचना. पलीकडे पोचल्या, तर कोणाला आठवलं की भाकरीचं गाठोडं अलीकडे राहिलं. ते आणायला एक पुरली असती, सगळ्या गेल्या. ते आणलं, तर चपला राहिल्या. पुन्हा सगळ्या. तिसऱ्यांदा काय राहिलं होतं ते आजही मला कोणी सांगू शकलेली नाही. ज्या बाया वर्षभर वेळ मोजून काम करतात त्या पाण्यात नुसत्या जात-येत होत्या. मलाही अंगात आल्यासारखं झालं. सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, कॅमेरा गळ्यात घातला आणि नाल्याच्या मधोमध एका दगडावर जाऊन उभी राहिले. हात धरून ओळीने या, असं त्यांना सांगितलं आणि मान खाली घातली.

आता माझ्या कॅमेऱ्याची खोड आठवा. माझ्या पायांना पाणी डावीकडून ढकलत होतं आणि काचेत तेच पाणी उजवीकडून येत होतं. पाय एक सांगतात, डोळे दुसरं. वाहत्या पाण्यात उभं राहून काचेत वाहतं पाणी बघू नये, हे अब्बांनी मला शिकवलं नव्हतं. खामगावात वाहतं पाणी होतंच कुठे. डोकं गरगरायला लागलं, पण काचेत त्या सगळ्या आल्या होत्या. शांताबाई पुढे, साडी गुडघ्यावर खोचलेली, मागे एकीला एक धरून ओळ आणि शेवटी कमल, तोंड आभाळाकडे करून हसत असलेली. मी बटण दाबलं, पुढचा फोटो सरकवला, पुन्हा दाबलं, आणि मग मला जमीनच सापडेना.

मी पाण्यात बसले. पडले असं म्हणत नाही, बसले. दोन्ही हात वर आणि हातात कॅमेरा. धार मला हळूहळू डोहाकडे सरकवत होती. बाकीच्या पुढे काठाकडे गेल्या होत्या, शेवटची म्हणून कमल सगळ्यात जवळ होती. तिने ओळ सोडली, कमरेपर्यंतच्या पाण्यात उडी घेतली, माझ्यापर्यंत पोचली आणि माझ्या हातातून कॅमेरा घेऊन काठाला गेली. मला तिथेच ठेवून.

"कमल, मी?" मी म्हटलं.

"आपा, तुमी वाळसान. फोटो वाळन काय?"

मला बाकीच्यांनी ओढून काढलं. फुलसिंगदादांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "किती गेल्या?" तेव्हा शांताबाईला हसताना उचकी लागली ती जेवण होईपर्यंत राहिली. भाकरी, ठेचा, तुरीच्या शेंगा आणि उन्हात वाळत घातलेली माझी ओढणी. त्या दिवसासारखं जेवण मी लग्नांच्या पंगतीतही जेवले नाही.

परतताना पुन्हा नाला, पुन्हा ओलं. सोनाळ्याला आलो तेव्हा सगळ्यांच्या साड्यांच्या कडा ओल्या होत्या, कमलची मात्र कमरेपर्यंत. तीही कशी, जाड सुती, सासूचीच जुनी दिलेली. पाणी प्यायली की सोडायचं नाव नाही. आणि आता प्रशिक्षणाचा फोटो काढायचा होता. बॅनरसकट.

सोनाळ्याच्या रस्त्यावर एक कृषी केंद्र होतं. दुकानाच्या ओट्यामागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर हंड्याएवढी फुटलेली बोंडं. शांताबाईने दुकानदाराला सरळ सांगितलं, "भाऊ, आमचं प्रशिक्षण झालं, फोटो राह्यला. तुमच्या ओट्यावर बसू द्या." दुकानदार तिशीतला, हौशी. म्हणाला, "बसा ना. पण प्रशिक्षण देणारा पाहिजे का नाही फोटोत?" आणि आत जाऊन भांग पाडून, खिशाला पेन लावून आला. एका हातात बियाण्याची थैली घेतली, दुसऱ्या हाताचं बोट फ्लेक्सकडे केलं.

जास्त ओल्या बायांना मी मागे उभं केलं. कमल मागे दिसेचना, इतकी बुटकी. चेहराच नसेल तर बुढी काय मानणार. म्हणून तिला पुढे ओट्याच्या कडेला बसवलं. मी काचेत डोकं घातलं, तर दुकानदार बोलायलाच लागला होता. थैलीत ही वेगळी लहान पुडी असते, ती साध्या बियाण्याची, ती शेताच्या कडेने लावायची, फेकायची नाही. फवारताना तोंडाला फडकं बांधा. उपाशीपोटी फवारू नका. माणूस रंगातच आला. बायाही ऐकायला लागल्या, प्रश्न विचारायला लागल्या. त्या पुड्या तर आमचे मालक फेकूनच देतात, असं एकीने सांगितलं, तर तो कळवळून हात जोडायला लागला. बराच वेळ हे चाललं. मी मध्येच फोटो काढून मोकळी झाले. जीपमध्ये बसताना शांताबाई म्हणाली, "चला, आता कोणी खोटं नाही बोललं."

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीत गोधडी टांगली आणि रोल धुतला. नाल्याचा फोटो कागदावर उमटायला लागला तेव्हा मी एकटी मोठ्याने हसले. बाहेरून अम्मी विचारत होती, काय झालं. इतकी वर्षं नवऱ्या, करवल्या काढल्या, पण एवढ्या सगळ्या चेहऱ्यांवर एकाच वेळी एवढा खरा आनंद मी कधी पकडला नव्हता. मग दुसरा कागद घातला. ओट्याचा फोटो वर आला आणि माझं हसणं थांबलं. काळ्या-पांढऱ्यात ओलं कापड काळं दिसतं. कमलची साडी कमरेपासून खाली काळीकुट्ट होती, वर पांढरी. आंधळ्यालाही कळलं असतं.

अब्बांनी मला एक कला शिकवली होती. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने हळू हळू रंगवलं की तेवढी जागा प्रिंटमध्ये उजळते. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या, नवरीच्या डोळ्यांखालचे डाग आम्ही असेच घालवायचो. मी भिंग लावून बसले आणि कमलची साडी वाळवली. निऱ्या, काठ, पदराचं टोक, सगळं. मान मोडून आली. पण प्रिंट निघाली तेव्हा साडी अशी खडखडीत कोरडी की जणू आताच दोरीवरून काढली. मी स्वतःवर जाम खूश होते. फोटो शांताबाईच्या हाती धाडले आणि निरोप दिला, काळजी करू नका.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. उंच, वाळकी, हातात प्लास्टिकची पिशवी. "फोटोवाल्या आपा इथीच राह्यते?" मी हो म्हटलं. "मी कमलची सासू," ती म्हणाली.

पाणी दिलं, बसायला पाट दिला. तिने पिशवीतून फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. दुकानदार, फ्लेक्स, बाया, कोरडी कमल. सगळं ठीक होतं. मग तिने फोटोच्या तळाशी बोट ठेवलं.

"हे काय व?"

कमल जिथे बसली होती तिथे ओट्याच्या फरशीवर पाण्याचं थारोळं होतं. तिथून एक ओघळ ओट्याच्या कडेपर्यंत गेला होता. दुकानदार बोलत होता तेवढा वेळ साडी टपकत राहिली होती. मी साडी वाळवली होती, फरशी वाळवायची राहिली.

"माठ असेल तिथे," मी म्हटलं. "गळका."

"ते साडी माही हाये," वच्छलाबाई शांतपणे म्हणाली. "तीस वर्स नेसली. दहिवरात कापूस वेचला की दुपारलोक टिपकते, मले ठावं हाये. वरून कोरडी अन् खालून टिपकते, असी ते कधीच नव्हती. तुमी कायतरी केलं." मग म्हणाली, "दुसरा फोटो दाखवा."

"कोणता?"

"जिथी ते भिजली तो."

मला कमलचं 'घर अन् गोठा' आठवलं. नकार दिला तर म्हातारीचा संशय पक्का होतो, दाखवला तर कमलची टोळी बंद. पण तेवढा हिशेब मला करावा लागला नाही. नियम तोंडातून आपोआप बाहेर पडला. "मावशी, जी फोटोत असते तिलाच मी दाखवते. तुम्ही त्यात नाही. आणि आता तो माझ्याकडेही नाही."

ती भांडेल असं वाटलं. ती भांडली नाही. अम्मीने आणलेला चहा तिने घेतला आणि ती आमच्या स्टुडिओतून घरी आणलेल्या त्या जुन्या पडद्याकडे बघत राहिली, धबधबा आणि हंसांकडे. मग बोलली ती पडद्याशी बोलल्यासारखी.

"गेल्या साली माह्याही फोटो काढला होता एकानं. पोराच्या वावरात, लाल्या पडलेल्या पऱ्हाटीत बसोलं. म्हणे आजी, डोक्याले हात लावा. मी लावला. पेपरात आला तं लोकायनं घरी आणून दाखोला. पोरगा त्याच महिन्यात सुरतेले गेला. म्हणे, माय, आता गावात तोंड दाखवाव वाटत नाही." तिने कप खाली ठेवला. "म्हणून मी कमलले म्हटलं, फोटो आण. म्हटलं, पाहू तरी, आता काय करून ठेवते हे फोटोवाले."

एवढ्या वर्षांत माझ्याच धंद्याची मला पहिल्यांदा लाज वाटली, काढणारा दुसरा असला तरी. अम्मी तिच्याजवळ सरकून बसली.

वच्छलाबाईने फोटो पुन्हा पिशवीत ठेवला. उठताना म्हणाली, "फोटो नका दाखवू. एक सांगा. हसत होती का ते?"

हे सांगायला नियमाची हरकत नव्हती. "हो," मी म्हटलं. "सगळ्यात जास्त."

"पाणी किती होतं?"

"गुडघाभर."

"धार?"

"ओढते जरा. पण हात धरला की जमतं."

तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "येत्या साली प्रशिक्षण असन तं मले सांगा. कमलले म्हणू नका काही. तिले वाटू द्या, बुढी भोळी हाये."

पुढच्या वर्षी पीक काही फार बरं आलं नव्हतं. पण दुसरी वेचणी झाल्यावर जीप निघाली. वच्छलाबाई पुढच्या सीटवर, अगदी गंभीर चेहरा, मांडीवर वही. मागे कमलचं तोंड एवढंसं झालेलं. शांताबाई आज सोनाळ्याच्या पुढे जायचंच नाही म्हणून माझ्या कानाशी लागलेली. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. सोनाळा आलं. कृषी केंद्राचा दुकानदार भांग पाडून ओट्यावर उभाच होता. वच्छलाबाईने ड्रायव्हरला हात केला, "इथी नाही. वर."

नाला आला. फुलसिंगदादा रीतसर पलीकडे जाऊन पाठ करून बसले. बाया काठावर साड्या सावरून उभ्या, जशा सासूपुढे उभं राहायला पाहिजे तशा. मी माझ्या जुन्या दगडावर बसूनच घेतलं या खेपेला आणि झाकण उघडलं. वच्छलाबाईने वही दगडावर ठेवली, वही उडू नये म्हणून तिच्यावर गोटा ठेवला, साडीचा काष्टा घट्ट मारला आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात पाय घातला. थंडीने तिने श्वास आत ओढला. मग मागे वळून सुनेपुढे हात केला.

"चाल व कमल. प्रशिक्षण सुरू कर."

कमलने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि काचेत बघितलं. संपादकांनी माफ करावं, तो फोटोही माझ्याकडे नाही. त्या दोघींकडे आहे.